टायर इन्सर्ट: बसवण्याआधी काढण्याचा विचार करा

माउंटन बाइकच्या टायरमध्ये फोमचं कडं बसवायचं ठरवलं असेल, तर एक अट आधीच घालून घ्या. घराबाहेर पडण्यापूर्वी तोच टायर स्वतःच्या हातांनी एकदा उतरवून पुन्हा चढवायचा. इन्सर्ट बसवताना दमछाक होते हे सगळे सांगतात, पण खरी परीक्षा ट्रेलवर असते. टायर फाटलेला, हात सीलंटने (भोक बुजवणाऱ्या चिकट द्रवाने) माखलेले आणि रिमला घट्ट धरून बसलेली टायरची कड काही केल्या सुटत नाही, अशी वेळ येते. घरी निवांतपणे एकदा करून पाहिलं असेल तर तिथे तारांबळ उडत नाही. या लेखात बसवण्याची पद्धत सविस्तर दिली आहे, पण प्रत्येक टप्प्यावर काढण्याचा विचारही सोबत ठेवला आहे.

इन्सर्ट नेमकं काय करतं

ट्यूबलेस टायर कमी हवेवर चालवला की पकड वाढते आणि खडबडीत वाटेवर हादरे कमी बसतात. पण हवा कमी असताना चाक धारदार दगडावर आदळलं तर टायर पूर्ण दबतो आणि रिमची कड थेट दगडावर आपटते. मध्ये सापडलेला टायर कापला जातो, रिमला पोचा पडतो, कधी दोन्ही होतं. इन्सर्ट म्हणजे रिमभोवती टायरच्या आत बसणारं फोमचं कडं. टायर दबत दबत रिमपर्यंत पोचण्याआधी हा फोम मध्ये येतो आणि मार स्वतःवर घेतो.

दुसरा फायदा तितकाच महत्त्वाचा आहे. आतली जागा फोमने व्यापल्यामुळे हवेला कमी जागा उरते. टायर दाबला जाताना आतला दाब लवकर चढतो आणि शेवटी शेवटी टायर जास्त विरोध करतो. सस्पेन्शनमध्ये व्हॉल्यूम स्पेसर (हवेची जागा कमी करणारा तुकडा) टाकल्यावर होतं तेच इथे होतं. रुंद, पाचरीच्या आकाराचं इन्सर्ट टायरच्या बाजूंना आतून आधारही देतं. त्यामुळे जोरात वळताना टायर कमी लवतो आणि कड रिमवरून क्षणभर सुटून फुस्सकन हवा जाण्याचा प्रकारही बराच कमी होतो.

इन्सर्ट काय करत नाही, हेही लक्षात ठेवा. काटा टोचला तर हवा जाणारच, ती थांबवण्याचं काम सीलंटचं आहे. दगडाच्या धारेने टायरची बाजू चिरली तर इन्सर्ट ती चीर रोखू शकत नाही. तुमचा त्रास मुख्यतः बाजू फाटण्याचा असेल, तर आधी जाड केसिंगचा, म्हणजे रबराखालच्या जाड कापडी थराचा टायर घ्या. मॅक्सिसचं डबलडाउन, श्वाल्बेचं सुपर ग्रॅव्हिटी अशी केसिंग त्यासाठीच असतात. रिमला वारंवार पोचे पडत असतील, वाट दगडांची असेल, तुमचं किंवा बाइकचं वजन जास्त असेल (ई-बाइक यातच आली), तर इन्सर्टचा खरा उपयोग होतो. सपाट, मऊ मातीच्या वाटांवर फिरणाऱ्या माणसाला मी इन्सर्ट घ्यायला सांगणार नाही. वजन वाढतं, टायर बदलणं अवघड होतं आणि बदल्यात हाती फारसं काही लागत नाही.

कोणतं घ्यायचं

बाजारात ढोबळमानाने तीन घडणी दिसतात. पहिली कुशकोर कंपनीच्या इन्सर्टसारखी: रिमला घट्ट बिलगणारी, पाचरीच्या आकाराची. संरक्षण आणि आधार दोन्ही भरपूर, पण बसवायला सर्वांत कठीण, आणि २९ इंची चाकासाठी जड प्रकाराचं वजन २५० ग्रॅमच्या आसपास. दुसरी घडण गोलसर दोरखंडासारखी, टायरमध्ये तुलनेने सैल राहणारी. बसवायला सोपी आणि रिम वाचवण्यात चांगली, फक्त बाजूंना आधार कमी देते. तिसरी हक नॉरिस नावाच्या इन्सर्टसारखी पातळ पट्टी: अगदी हलकी, संरक्षणही त्या मानानेच.

नवख्याने सुरुवात दुसऱ्या किंवा तिसऱ्या घडणीने करावी असं माझं मत आहे, आणि तीही फक्त मागच्या चाकाला. शरीराचा बराचसा भार मागे असतो, दगडावर आपटण्याचे प्रसंगही मागेच जास्त येतात. पुढच्या चाकाचं नंतर बघता येईल.

मापात तडजोड नको. २७.५ आणि २९ इंचांची इन्सर्ट वेगळी असतात. बाइकला पुढे २९ आणि मागे २७.५ असेल तर त्या त्या चाकाचं माप पाहून घ्या. टायरची रुंदी आणि रिमची आतली रुंदीही पाकिटावर लिहिलेल्या मर्यादेत बसायला हवी. इन्सर्ट ट्यूबलेससाठीच असतं. काही खास प्रकार मात्र ट्यूबसोबत वापरण्यासाठीच बनवलेले असतात, ते पाकिटावर स्पष्ट लिहिलेलं असतं.

घरगुती जुगाड म्हणून बांधकामात फटी भरायला वापरतात तो फोमचा रॉड कापून टाकणारेही आहेत. फोम बंद छिद्रांचा असेल तर तो सीलंट पीत नाही, उघड्या छिद्रांचा असेल तर सगळं सीलंट शोषून घेतो आणि टायर कोरडा पडतो. खात्री नसेल तर या वाटेला जाऊ नका.

व्हॉल्व्हकडे दुर्लक्ष नको

साध्या ट्यूबलेस व्हॉल्व्हचं तोंड टायरच्या आत सरळ वर उघडतं. त्यावर फोम येऊन बसला की तोंड झाकलं जातं. मग पंपाचा एकच झटका मारला की पंपावरचा काटा थेट ४० पीएसआयवर (पीएसआय हे हवेचा दाब मोजायचं एकक) उडी घेतो आणि टायर हाताला मऊच लागतो. काटा जो दाब दाखवतो तो पंपाच्या नळीतला असतो, टायरमधला नाही. म्हणून इन्सर्टसाठी बुडाला आडवी छिद्रं असलेले व्हॉल्व्ह मिळतात. अनेक इन्सर्टच्या पाकिटात ते येतात, नसतील तर वेगळे घ्या. अडचणीच्या वेळी साध्या व्हॉल्व्हच्या बुडाला कानशीने दोन आडव्या खाचा पाडूनही काम भागतं. व्हॉल्व्हचं रबर मात्र दुखवू नका.

तयारी

लागणाऱ्या वस्तू मोजक्या आहेत: रुंद प्लास्टिकचे दोन-तीन टायर लिव्हर (टायरची कड उचलायच्या पट्ट्या), फ्लोअर पंप, व्हॉल्व्ह कोर (व्हॉल्व्हच्या आतला काढता येणारा भाग) काढायची चावी, सीलंट आणि ते भरायची सिरिंज, भांडी घासायच्या साबणाचं पातळ पाणी, फडकी. लोखंडी लिव्हर वापरू नका. ते रिम ओरबाडतात आणि रिम टेप (रिममधली भोकं झाकणारी हवाबंद पट्टी) फाडतात. तेल किंवा ग्रीसही लावू नका. ते रबराला मारक असतं आणि टायर रिमवर घसरायला लागतो.

डिस्क ब्रेकच्या रोटरला (चकतीला) साबण किंवा सीलंट लागलं तर ब्रेक बिघडतो. शक्य असेल तर रोटर काढून ठेवा, नाहीतर स्वच्छ कापडाने झाकून घ्या. चाक जमिनीवर ठेवताना रोटरची बाजू वर असू द्या. तसं जमत नसेल तर खाली जाड घोंगडी अंथरा, म्हणजे रोटर वाकणार नाही.

जुना टायर उतरवून रिमवरचे सीलंटचे वाळलेले पापुद्रे पुसून काढा. रिम टेपवर बोट फिरवून बघा. कुठे उचललेली किंवा फाटलेली दिसली तर आत्ताच बदला. वर घट्ट इन्सर्ट चढवल्यावर टेपमधून हवा झिरपते आहे असं लक्षात आलं, तर सगळं मुळापासून पुन्हा करावं लागतं. टायर नवाकोरा आणि घडी पडलेला असेल तर तो आदल्या दिवशीच इन्सर्टशिवाय ट्यूब घालून रिमवर चढवा आणि हवा भरून रात्रभर ठेवा. त्याला आकार येतो, कड थोडी सैलावते आणि दुसऱ्या दिवशीचं काम निम्मं होतं. निदान थोडा वेळ उन्हात तरी ठेवा.

बसवणं

आधी व्हॉल्व्ह रिममध्ये घालून बाहेरून हातानेच आवळा. पक्कड लावली तर ट्रेलवर तो सुटणार नाही. मग टायरची फिरण्याची दिशा बघून एक कड रिमवर चढवा. दिशेचा बाण टायरच्या बाजूवर छापलेला असतो. ही पहिली कड बहुतेक वेळा हातानेच चढते.

आता इन्सर्ट. टायरची मोकळी बाजू वर उचलून आत इन्सर्ट घाला. सुरुवात व्हॉल्व्हपाशी करा आणि दोन्ही हातांनी दोन्ही बाजूंना ताणत समोरच्या टोकाकडे न्या. घट्ट प्रकारात शेवटचा वीतभर भाग रिमच्या कडेवरून आत ढकलायला लिव्हर लागेल. सरळ पट्टीसारखं येणारं इन्सर्ट असेल तर कंपनीने सांगितलेल्या लांबीवर कापा आणि दिलेल्या पद्धतीनेच टोकं जोडा. कापताना थोडं जास्तच ठेवा, कमी करायची सोय नंतरही असते. सगळं आत गेलं की चाक हळू फिरवून बघा. फोमला कुठे पीळ पडला आहे का, तो एका बाजूला सरकला आहे का? आत्ताच नीट करून घ्या.

दुसरी कड हे या कामातलं सर्वांत अवघड पाऊल आहे. इथे जोरापेक्षा रिमची रचना कळणं महत्त्वाचं. रिमच्या आत मधोमध एक खोलगट खाच असते. टायरची कड हाताने ताणली जात नाही, त्यामुळे तिला रिमच्या उंच काठावरून पलीकडे न्यायचं असेल तर बाकी सगळीकडे ती या खाचेत उतरलेली हवी. तेवढीच ढील शेवटच्या भागाला मिळते. इन्सर्ट नेमकं याच खाचेच्या वर बसलेलं असतं. म्हणून कड नुसती रिमच्या आत गेली एवढ्याने भागत नाही. ती फोमच्या काठाखाली सरकवून खाचेत बसवावी लागते.

व्हॉल्व्हच्या बरोबर समोरच्या टोकापासून सुरुवात करा. व्हॉल्व्हच्या बुडाने खाचेतली जागा अडवलेली असते, तिथे कड खाली उतरत नाही, म्हणून शेवट व्हॉल्व्हपाशी यायला हवा. कडेला साबणाचं पाणी लावा. डाव्या हाताच्या अंगठ्याने फोम थोडा पलीकडे रेटा आणि उजव्या हाताने कड खाली दाबा. कड फोमवर अडकली असेल तर टायर तिथे फुगीर आणि ताठ लागतो. खाचेत उतरली असेल तर तो भाग चिमटीत धरून इकडेतिकडे सहज हलतो. हा फरक डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतो. वीतभर पुढे गेलात की मागचा भाग पुन्हा चाचपा, तो हळूच वर सरकतो. सुरुवातीच्या भागावर गुडघा ठेवला तर तो जागचा हलत नाही आणि दोन्ही हात मोकळे राहतात.

शेवटचा वीत-दीड वीत भाग ताठ होऊन अडेल. इथे लिव्हरवर जोर देऊ नका. मागे फिरा आणि समोरच्या टोकापासून दोन्ही हातांनी टायर दाबत, कड खाचेत ढकलत, मिळालेली ढील व्हॉल्व्हकडे सरकवत या. गरज पडली तर दोनदा-तीनदा करा. मग लिव्हर लावा, पण एका वेळी बोटभरच कड घ्या. लिव्हर वाकायला लागला तर समजा कुठेतरी कड अजून फोमवर बसली आहे, आणि तिथे परत जा. या टप्प्यावर घाई करून रिम टेप फाडलेली किंवा कड दुखावलेली चाकं मी बरीच पाहिली आहेत.

सीलंट आणि हवा

व्हॉल्व्हचा कोर काढून सिरिंजने सीलंट आत सोडा. आडव्या छिद्रांच्या व्हॉल्व्हमधून ते नीट जातं. इन्सर्टच्या पृष्ठभागालाही सीलंट चिकटतं, त्यामुळे नेहमीपेक्षा थोडं जास्त लागतं. २९ इंची टायरला एरवी १०० मिली घालत असाल तर इन्सर्टसोबत १२० ते १५० मिली घाला.

पहिल्यांदा कोर न लावताच पंप जोडा, हवा जोरात आत जाते. घट्ट इन्सर्टची इथे मदतच होते. ते दोन्ही कडांना आतून बाहेर रेटत असतं, त्यामुळे साध्या फ्लोअर पंपानेही कड बसते. ठाक्, ठाक् असे आवाज येतील, ते कड जागेवर बसल्याचे. पंप काढला की हवा सुटेल, पण बसलेली कड सहसा जागा सोडत नाही. पटकन कोर लावा आणि पुन्हा हवा भरा. टायर आणि रिम दोन्हींवर कमाल दाब लिहिलेला असतो. त्यातला कमी आकडा तुमची मर्यादा, तो कोणत्याही कारणाने ओलांडू नका. हुक नसलेल्या, म्हणजे टायरची कड धरणारा आत वळलेला काठ नसलेल्या रिमच्या बाबतीत तर हा नियम जास्तच कडक पाळा.

टायरच्या बाजूला रिमलगत एक बारीक उंचवट्याची रेघ सगळीकडून फिरलेली असते. ती रिमपासून सर्वत्र सारख्या अंतरावर दिसली की कड नीट बसली. एखाद्या ठिकाणी रेघ आत बुडाली असेल तर हवा सोडा, तिथे साबणाचं पाणी लावा आणि पुन्हा भरा. मग चाक हलवून, फिरवून, दोन्ही कुशींवर थोडा थोडा वेळ आडवं ठेवा, म्हणजे सीलंट सगळीकडे पोचेल. कड बसवायला भरलेला जास्तीचा दाब तसाच ठेवू नका. बंद छिद्रांचा फोम दाबाखाली आकसतो आणि बराच काळ तसा राहिला तर जाडी गमावतो.

किती हवा ठेवायची

नवखे हमखास इथे चुकतात. इन्सर्ट आलं म्हणून हवा एकदम खूप कमी करतात आणि मग बाइक वळणात डुलते म्हणून इन्सर्टलाच नावं ठेवतात. पहिली फेरी तुमच्या जुन्याच दाबावर करा. समजा पुढे २२ आणि मागे २५ पीएसआय ठेवत होता, तर तसंच ठेवा आणि फक्त फरक अनुभवा. पुढच्या फेरीपासून एक-एक पीएसआय कमी करत जा. बहुतेकांना दोन-तीन पीएसआयच्या आतच योग्य जागा सापडते. डिजिटल गेज घ्या आणि दर वेळी तोच वापरा. पंपावरचे काटे कमी दाबाला फार अचूक नसतात आणि इथे तर एकेका पीएसआयचा हिशेब आहे.

कानाने ऐका. इन्सर्ट नसताना रिम दगडावर आपटली की धातूचा ठण् असा आवाज येतो. इन्सर्ट असताना तोच मार थप्प असा, दबका लागतो. एखाद्या फेरीत एखादा असा थप्प आवाज आला तर काळजीचं कारण नाही, फोम त्यासाठीच आहे. प्रत्येक उतारावर तो ऐकू यायला लागला तर हवा एक-दोन पीएसआयने वाढवा. वळणात मागचं चाक बाजूला सरकल्यासारखं, लवचिक वाटलं तरीही हवा कमीच समजा. आणि मोठा मार बसल्यावर रिम एकदा फिरवून बघा. इन्सर्ट मार कमी करतं, पूर्ण नाहीसा करत नाही.

काढणं, घरी आणि वाटेत

सगळी हवा सोडा, कोर काढून टाका. मग चाकाभोवती फिरत दोन्ही बाजूंची कड रिमच्या काठावरून सोडवून मध्ये ढकला. घट्ट इन्सर्ट असेल तर ती अंगठ्याने हलत नाही. चाक जमिनीवर आडवं ठेवून रिमलगतच्या टायरवर तळहाताच्या टाचेने किंवा बुटाच्या मऊ टाचेने हळूहळू भार द्या. रोटर आणि तारांवर पाय पडू देऊ नका. एक ठिकाण सुटलं की बाकीची कड त्याच्या मागोमाग येते. सगळीकडून सुटल्यावर कड फोमच्या काठाखाली, खाचेत नेऊन दाबा आणि लिव्हर व्हॉल्व्हपाशी लावा. चढवताना शेवट जिथे झाला तिथूनच उतरवायला सुरुवात. हे घरी एकदा केलंत की तुमच्याकडच्या टायर-रिमच्या जोडीचा स्वभाव कळतो. काही जोड्या इतक्या घट्ट असतात की ट्रेलवर त्या सोडवणं जवळपास अशक्य. तसं असेल तर इन्सर्टचा प्रकार किंवा टायर बदला.

वाटेत हवा गेली तर टायर उघडायच्या भानगडीत लगेच पडू नका. भोक शोधा, त्यात टायर प्लगची रबरी वात घुसवा, हवा भरा. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. प्लगने भागलं नाही आणि घर किंवा गाडी जवळ असेल, तर जाड इन्सर्टवर हळू, सपाट वाटेने, भार पुढच्या चाकाकडे ठेवून थोडं अंतर जाता येतं. पातळ पट्टीवर हा प्रयोग करू नका, रिम जाईल.

लांब जायचं असेल तर इन्सर्ट काढून ट्यूब घालावी लागते. त्यासाठी सोबत हलकी ट्यूब, दोन दणकट लिव्हर, रबरी हातमोजे आणि इन्सर्ट कोंबता येईल अशी एक मोठी पिशवी ठेवा. इन्सर्ट सीलंटने माखलेलं निघतं. पिशवी नसेल तर ते खांद्यावरून तिरकं अडकवून न्यावं लागतं आणि कपडे कामातून जातात. ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून हात फिरवून काटा किंवा दगडाचा कपचा राहिला नाही ना ते बघा. व्हॉल्व्हही काढायचा, आणि तो हाताने आवळला असेल तर हातानेच सुटतो.

मधूनमधून काय बघायचं

सीलंट दोन-तीन महिन्यांनी तपासा, उष्ण हवेत त्याआधीच. इन्सर्ट असताना व्हॉल्व्हमधून काडी घालून खोली मोजता येत नाही. त्यामुळे चाक कानाशी धरून हलवा, आत खळखळ ऐकू आली तर ठीक, नाहीतर कोर काढून ५०-६० मिली आणखी सोडा. व्हॉल्व्हच्या छिद्रांत सीलंट वाळून बसतं. हवा भरताना पंप अडखळला तर पहिला संशय तिथेच घ्या.

टायर बदलताना इन्सर्ट साध्या पाण्याने धुऊन, वाळलेले पापुद्रे बोटांनी काढून सावलीत पसरून वाळवा. मग त्याच्याभोवती बोटं फिरवत जा. वरच्या बाजूला दगडाच्या माराचे दाबलेले खड्डे दिसतील, ते चालतात. चीर आरपार गेली असेल, जोड सुटत असेल किंवा घट्ट प्रकारातलं इन्सर्ट रिमवर सैल फिरायला लागलं असेल, तर नवं घ्या.